तळहाताएवढी पकड

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



चाकणला चक्रेश्वराचे जुने देऊळ आहे. दशरथ राजाच्या रथाचे चाक या परिसरात पडले, त्यावरून गावाला चाकण हे नाव मिळाले, अशी आख्यायिका तिथे सांगितली जाते. ती खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ज्या गावाच्या नावातच लोक चाक शोधतात, त्या गावाच्या अवतीभवती आज लाखो वाहनांची चाके पहिल्यांदा जमिनीला टेकतात, हा योग मोठा गमतीचा आहे. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टाटा मोटर्स, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज. शिवाय त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहानमोठे कारखाने. पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला गॅब्रिएलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार होतात. ब्रिजस्टोनने २०१३ मध्ये चाकणला टायरचा कारखाना सुरू केला. ब्रेक आणि ब्रेकचे भाग बनवणारे तर किती तरी. गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू या पट्ट्यात तयार होते.

पण गाडी रस्त्याला धरून राहते म्हणजे नेमके काय होते? एवढे जड धूड वळणावर बाहेर का फेकले जात नाही? ब्रेक दाबला की थांबते कशी, आणि कधी कधी थांबत का नाही? आज याविषयी थोडे बोलायचे आहे. हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे असे समजून रेडिओ बंद करू नका. ज्याच्या घरात एक दुचाकी आहे, त्याचा हा विषय आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करू. खेड, चाकण, भोसरी हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टा चढवलेला असतो, त्याला आपल्याकडे धाव म्हणतात. ही धाव गुळगुळीत असते, तरी गाडी चालते. कारण गाडी ओढण्याचे काम चाकाचे नाहीच. ते बैलांच्या खुरांचे आहे. खूर मातीत रुततो, बैल जमीन मागे रेटतो आणि गाडी पुढे जाते. चाक बिचारे नुसते फिरत राहते. आळंदीहून निघालेला माउलींचा पालखी रथ दिवे घाट चढताना त्याला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. जेवढे खूर जास्त, तेवढी जमिनीवरची पकड जास्त आणि तेवढी ओढ जास्त.

मोटारगाडी आली आणि बैल गेले. आता चाकाला दोन्ही कामे करावी लागली. फिरायचेही त्यानेच आणि जमीन रेटायचीही त्यानेच. पुढे जाणे, थांबणे, वळणे या तिन्ही गोष्टी चाक आणि रस्ता जिथे भेटतात त्या एका जागी घडू लागल्या. लोखंडी धाव या कामाला निरुपयोगी होती. तिथे रबर आले. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मोटारीचा सारा पसारा या दोन गोष्टींवर उभा आहे.

रबराचा गुण असा की ते रस्त्याला बिलगते. डांबरी रस्ता हाताला खरखरीत लागतो, कारण त्यातून खडीची बारीक टोके वर आलेली असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती दबते, त्यांच्या फटीत शिरते, क्षणभर चिकटते आणि सुटते. या चिकटण्यातून आणि दबण्यातून जो विरोध निर्माण होतो, तीच पकड. टायरवरच्या नक्षीमुळे पकड येते असा पुष्कळांचा समज आहे. कोरड्या रस्त्यावर तसे काही नसते. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्या दिवसाचे टायर अगदी सपाट असतात. नक्षी लागते ती पावसासाठी. तिच्याकडे पुढे येऊ.

आता ही पकड किती जागेवर अवलंबून असते ते पाहा. समजा, माणसांसह एक टन वजनाची छोटी मोटार आहे. टायरमध्ये आपण ज्याला तीस पॉइंट हवा म्हणतो तेवढी हवा आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण दोन किलोचा दाब. प्रत्येक चाकावर अडीचशे किलो वजन. भागाकार केला की उत्तर येते, सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तुमच्या तळहाताएवढा. चार चाकांचे चार तळहात. घरातली सगळी माणसे घेऊन आपण जेव्हा द्रुतगती मार्गावरून ताशी शंभरच्या वेगाने जातो, तेव्हा चार तळहातांच्या भरवशावर जात असतो. दुचाकीचा भरवसा तर त्याहूनही लहान दोन ठिपक्यांवर असतो.

या ठिपक्याला जास्तीत जास्त किती जोर पेलवेल याला मर्यादा असते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के जोर पेलतो. ओल्या रस्त्यावर चाळीस-पन्नास टक्के. चिखलावर किंवा सांडलेल्या तेलावर फारच थोडा. मला ही पकड म्हणजे कामगाराच्या पगारासारखी वाटते. महिन्याची रक्कम ठरलेली. त्यातच किराणा, त्यातच भाडे, त्यातच मुलांची फी. टायरच्या पगारातही ब्रेक, वळण आणि वेग वाढवणे हे तीनच खर्च आहेत. सरळ रस्त्यावर ब्रेक मारला तर सगळा पगार ब्रेकला मिळतो. वळणात असताना बरीचशी पकड वळण खाते आणि ब्रेकला उरेल तेवढे उरते. वळणावरच पकड संपली असेल आणि त्यात कोणी घाबरून ब्रेक दाबला, तर खात्यात शिल्लक नसताना चेक फाडल्यासारखे होते. चेक वटत नाही. गाडी घसरते.

हा खर्चाचा हिशोब नीट कळला की रस्त्यावरच्या बहुतेक घटना समजतात. आधी ब्रेक पाहू.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावल्यावर साधारण वीस मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तिला पस्तीस मीटर लागतात. शिवाय समोर काही आडवे आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. बेरीज केली तर कोरड्यात सदतीस आणि ओल्यात बावन्न मीटर. शहर बस बारा मीटर लांब धरली तर कोरड्यात तीन बस आणि ओल्यात चारपेक्षा जास्त बस एकामागे एक उभ्या राहतील एवढे अंतर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीच्या गाडीला त्यातून सूट नाही.

ब्रेक जोरात दाबला की आणखी एक गोष्ट होते. चाक जागच्या जागी बांधले जाते आणि टायर रस्त्यावरून फरपटू लागतो. फरपटणाऱ्या टायरची पकड, फिरत फिरत मंदावणाऱ्या टायरपेक्षा सहसा कमी असते. पण खरा धोका वेगळाच आहे. बांधलेल्या चाकाला दिशा उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी जाते आहे तिकडेच जात राहते. यावर तोडगा म्हणजे एबीएस. बॉश कंपनीने तो १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या मोटारीतून बाजारात आणला. प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक बसवलेला असतो. चाक बांधले जाण्याच्या बेतात आहे असे दिसताच यंत्रणा ब्रेक किंचित सोडते, पुन्हा दाबते, पुन्हा सोडते. एका सेकंदात हे कित्येकदा होते. म्हणून ब्रेकच्या पेडलखाली थरथर जाणवते. ती थरथर जाणवली की गाडी बिघडली असे समजून काही जण पाय काढून घेतात. तसे करू नये. पाय दाबून ठेवावा आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळवावी. एबीएसचे खरे देणे तेच आहे, ब्रेक दाबलेला असतानाही वळता येणे. सुट्या खडीवर किंवा मातीवर एबीएसमुळे अंतर थोडे वाढूही शकते, हेही लक्षात ठेवायला हवे.

याच घराण्यातली पुढची यंत्रणा म्हणजे ईएसपी किंवा ईएससी. १९९५ मध्ये ती मर्सिडीजच्या मोटारीत आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या ए-क्लास मोटारीची चाचणी घेतली. एल्क हा सांबरासारखा मोठा प्राणी रस्त्यात अचानक आला तर गाडी चुकवता येते का, अशी ती चाचणी होती. गाडी उलटली. जगभर गाजावाजा झाला आणि त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसवली. ती काम कशी करते? बैलगाडी हाकणारा एका बाजूचा कासरा ओढतो आणि गाडी त्या बाजूला वळते. ही यंत्रणा तेच करते. गाडी भरकटते आहे असे कळताच ती चारपैकी एकाच चाकाला ब्रेक लावते आणि तोंड पुन्हा रस्त्याकडे वळवते. हजारो वर्षांची गाडीवानाची युक्ती आता एका छोट्या डबीत बसली आहे.

पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. एबीएस काय किंवा ईएसपी काय, यांपैकी कोणतीही यंत्रणा पकड निर्माण करीत नाही. आहे तोच पगार ती काटकसरीने खर्च करते. पगार ठरवतात तीन गोष्टी: टायर, रस्ता आणि हवामान. खर्च ठरवतो तो वेग. त्यामुळे गाडीत सगळी यंत्रे आहेत म्हणून वेगाने जायला हरकत नाही, असे म्हणणाऱ्याने चांगला मुनीम ठेवून दिवाळे काढले असे म्हणावे लागेल.

आता वळण घेऊ. पुलावरून खाली उतरणारा किंवा महामार्गाला मिळणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. त्याचे वळण पन्नास मीटर त्रिज्येचे आणि रस्ता सपाट आहे असे धरा. ताशी चाळीसच्या वेगाने वळायला गाडीच्या वजनाच्या पाव भागाएवढी पकड लागते. हे सहज जमते. वेग साठ झाला की निम्म्याहून जास्त लागते. कोरड्या रस्त्यावर ते निभते, ओल्यावर निभण्याची खात्री नाही. आणि ऐंशीला पूर्ण वजनाएवढी पकड लागते. तेवढी आपल्या नेहमीच्या टायरकडे नसतेच. चाळीस आणि ऐंशी हे आकडे ऐकायला दुप्पट वाटतात, वळणाला मात्र ते चौपट असतात. अशा वळणावर 'वेगमर्यादा ४०' अशी पाटी दिसली तर तिच्यामागे हे गणित असते.

मोटारीच्या बाबतीत बहुधा एवढेच होते की ती घसरते. ट्रकची गोष्ट निराळी. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगा आपण रोज पाहतो. चाकणच्या बाजाराकडे कांद्याच्या गोण्या शिगोशीग रचून येणारे टेम्पोही पाहतो. वस्तूचा भार जेवढा उंच, तेवढी ती लवकर कलंडते, हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. मोटार बुटकी आणि रुंद असते, त्यामुळे उलटण्याआधी तिची पकड सुटते. उंच भरलेल्या ट्रकचे उलट होते. पकड शाबूत असते, टायर रस्ता सोडत नाहीत आणि ट्रक आडवा होतो. आत्ता सांगितलेल्या त्याच वळणावर, उंच भरलेला ट्रक ताशी पन्नासच्या आसपासच कलंडू शकतो. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये आतला द्रव एका बाजूला धावतो, म्हणून तो त्याहीपेक्षा अवघड. अशा वाहनाशेजारून वळणावर ओव्हरटेक करू नये. ड्रायव्हरमामा कितीही कसलेले असले तरी भाराचे गणित त्यांच्या हातात नसते.

तीन चाकांचे गणित आणखी नाजूक. या भागात एकेकाळी सहा आसनी रिक्षांचे राज्य होते. साध्या रिक्षा तर आजही आहेत. चार चाकांच्या गाडीला चौकोनाचा आधार असतो, रिक्षाला त्रिकोणाचा, आणि त्रिकोणाचे टोक पुढे. वळताना ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या निमुळत्या टोकाकडे आणि बाहेरच्या बाजूला धावतो. एक मागचे चाक उचलले जाते. म्हणून रिक्षा वळवायची तर वेग वळणाच्या आधी कमी करावा. वळणात शिरल्यावर नाही.

आणि आता दुचाकी. हा सगळा पट्टा दुचाकीवर चालतो. सकाळी सातच्या, दुपारी तीनच्या शिफ्टला भोसरी, निगडी, म्हाळुंगे, कुरुळी इथल्या रस्त्यांवर दुचाकींचा लोंढा असतो. आपल्या दोन पिढ्या स्कूटरवर वाढल्या. १९७२ साली आकुर्डीहून बजाज चेतक निघाली. तिचे इंजिन उजव्या अंगाला, चाके लहान आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. तिच्यावर शिकलेल्या माणसाला पायाचाच ब्रेक विश्वासाचा वाटतो. पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील, असे वडीलधारी माणसे मुलांना बजावत असत. त्यात अर्धे सत्य आहे.

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, तसे आपणही पुढे झुकतो. दुचाकीवर जोरात ब्रेक लागला की जवळजवळ तीन-चतुर्थांश वजन पुढच्या चाकावर येते. म्हणजे त्या क्षणी पकडीचा मोठा वाटा पुढे असतो आणि मागचे चाक हलके झालेले असते. फक्त पायाचा ब्रेक दाबणारा माणूस आपल्याजवळच्या पगारातला लहानसा भाग वापरतो. बाकी वाया जातो. शिवाय हलके झालेले मागचे चाक चटकन बांधले जाते आणि शेपूट हलवू लागते. म्हणून गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हळू आणि मग वाढत्या जोराने दाबावेत. वळणात झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक कचकन दाबला तर मात्र वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते.

सरकारच्या नियमानुसार १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले; नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून. त्याहून लहान गाड्यांना त्याच नियमाने सीबीएस पुरेसे धरले. म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पण चाक बांधले जाण्यापासून वाचवणारी यंत्रणा त्यात नसते. याचा अर्थ काय होतो ते या पट्ट्यात विशेष जाणवते. महागड्या मोटारींसाठी ब्रेकचे भाग तपासणारा, जोडणारा तरुण संध्याकाळी घरी जातो तो बहुधा शंभर-सव्वाशे सीसीच्या जुन्या गाडीवर. त्याच्या एका बाजूला कंटेनर असतो, दुसऱ्या बाजूला रस्त्याची तुटलेली कड असते. त्याच्यासाठी एबीएसचे काम त्याची बोटे, त्याचा पाय आणि त्याचे भान यांनाच करावे लागते. म्हणून हे ज्ञान कारखान्याच्या कुंपणाबाहेर यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यात हे भान दुप्पट लागते. पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो, मुसळधार पावसात नव्हे. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, रबराचा भुगा आणि वाहनांतून ठिबकलेले तेल साचते. मृगाची पहिली सर येते, तिला हे सगळे वाहून नेता येत नाही. ती त्याचा लगदा करते. चांगला तासभर पाऊस पडला की रस्ता धुतला जातो आणि पकड बरीच परत येते. रस्त्यावर ऑइल सांडले की अग्निशमन दलाचे जवान येऊन माती टाकतात, हे आपण पाहिले असेल. ती माती तेल शोषते आणि टायरला पुन्हा काही तरी खरखरीत मिळते. पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, बांधकामावरून येणाऱ्या डंपरच्या चाकांतून गळलेला चिखल, या सगळ्यांवरून दुचाकी जाताना ती सरळ असावी, झुकलेली नसावी आणि ब्रेकवर बोट नसावे.

पाणी साचले असेल तर आणखी एक प्रकार घडतो. टायरच्या नक्षीचे काम खालचे पाणी बाजूला काढण्याचे. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की नक्षीला ते पाणी काढायला वेळच मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलके लागते, कारण त्याच्याखाली रस्ताच नसतो. विमानांच्या चाकांसाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात याचा अभ्यास केला. त्यातून निघालेले सूत्र सांगते की तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. तीस पॉइंट हवा असेल तर ताशी साधारण नव्वद किलोमीटरला टायर तरंगू शकतो. हवा वीसवर आली असेल तर पंचाहत्तरलाच. म्हणजे पंपावर पाच मिनिटे वाचवली, त्याची किंमत पंधरा किलोमीटर. असे झालेच तर ब्रेक मारू नये, स्टिअरिंग फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी आपोआप खाली बसू द्यावी.

रस्त्याचीही जबाबदारी आहे, ती विसरून चालणार नाही. वळणाची बाहेरची कड उंच ठेवली तर गाडीचे वजनच तिला आत ढकलायला मदत करते आणि टायरचा तेवढा पगार वाचतो. रस्त्याला बाजूला उतार असेल तर पाणी साचत नाही. खडी गुळगुळीत झाली की रस्ता पुन्हा खरखरीत करावा लागतो. खड्डा तर पकडीचा शत्रूच. चाक खड्ड्यातून उसळले की तेवढा वेळ ते हवेत असते आणि हवेतल्या चाकाला पकड शून्य. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आपल्या पाठीसाठी असतात असे आपण समजतो. त्यांचे पहिले काम उसळलेले चाक पटकन खाली आणून रस्त्यावर दाबून धरणे हे आहे. ते निकामी झाले की गाडी डुलते आणि ब्रेकचे अंतर वाढते. वळणाचा उतार आणि रस्त्यावरची खडी यांसाठी आपण कर भरतो. तेव्हा त्यांचा आग्रह धरणे हाही आपला हक्क आहे.

मग आपल्या हातात काय आहे? फार अवघड काही नाही. पंक्चरवाला विचारतो, "किती हवा भरू?" आणि आपण म्हणतो, "भर अंदाजाने." अंदाजाने भरू नये. किती हवा हवी ते मोटारीच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा. नक्षीच्या खाचेत त्या उंचीची लहान पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की समजावे. टायर गोटा होईपर्यंत चालवणे ही काटकसर नव्हे. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक असली तरी वय वाढलेले रबर कडक होते आणि कडक रबर रस्त्याला बिलगत नाही. जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या काट्याआधी हे चार आकडे पाहावेत.

भोसरीच्या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर चारचाकीच्या परवान्याची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी दिली असेल. आठाच्या आकड्यावर गाडी फिरवायची, चढावर थांबवून मागे न घसरता पुढे न्यायची. तेव्हा आपण ती पास होण्यासाठी दिली. पण त्या दोन्ही चाचण्या एकच प्रश्न विचारतात: चाकाखाली किती पकड आहे हे तुला कळते का? परवाना हातात आला तरी हा प्रश्न संपत नाही. प्रत्येक वळणावर, प्रत्येक सरीत तो पुन्हा विचारला जातो.

उद्या सोमवार. सकाळच्या शिफ्टला निघताना, किक मारण्याआधी किंवा बटण दाबण्याआधी, खाली वाकून एकदा टायरकडे पाहा. तळहाताने त्याची नक्षी चाचपा. हवा कमी वाटली तर दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी गाडी घेऊन निघाली असेल, तर "सावकाश जा" एवढेच म्हणून थांबू नका. "वळणाच्या आधी ब्रेक मार, वळणात नको," असेही सांगा. नुसत्या काळजीपेक्षा हे वाक्य त्यांच्या जास्त उपयोगी पडेल.